अळी कुणाची?

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातल्या असंख्य व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अळी येऊन पोहोचली. हिरवट-पिवळी, अंगावर काट्यांचे झुपके, पाय असे दिसतच नाहीत. सोबतचा मेसेज सांगत होता, की ही अळी सापापेक्षा विषारी आहे आणि चावली की माणूस काही मिनिटांत मरतो. पुरावा म्हणून शेतात पडलेल्या मृतदेहांचा फोटो जोडलेला. तो फोटो वीज पडून गेलेल्या शेतकऱ्यांचा होता, हे पडताळणी करणाऱ्यांनी नंतर दाखवून दिलं. पण ऐन खरिपात लोक उसाच्या फडात आणि बांधावरच्या गवतात जायला घाबरू लागले होते. अळीला नावही मिळालं होतं: घोणस अळी.

कृषी खात्याने आणि कीटकशास्त्रज्ञांनी खुलासे केले. ही स्लग कॅटरपिलर, म्हणजे लिमाकोडिडी नावाच्या कुळातल्या एका पतंगाची अळी. ती चावत नाही. तिच्या पोकळ काट्यांत विष असतं, ते त्वचेला लागलं की भयंकर आग होते. चिकटपट्टी लावून काटे ओढून काढावेत, अ‍ॅलर्जीचा त्रास असेल त्याने मात्र लगेच डॉक्टरकडे जावं. काही जणांना खरोखरच काटे लागले होते आणि दवाखाना गाठावा लागला होता, त्यामुळे भीती अगदीच निराधार नव्हती. पण "घोणस" हे नाव तिच्या दिसण्यावरून पडलं होतं, आणि नावाबरोबर सापाची सगळी कीर्ती तिला चिकटली.

या गोंधळात एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. ही मोठी होऊन काय होते?

अळी ओळखण्याचा इतिहास म्हणजे याच एका प्रश्नाचा इतिहास आहे. अळी ही कुणाची तरी लहानपणीची अवस्था असते. चेहरा बघून तिचं नाव सांगायचा प्रयत्न माणसाने दोन हजार वर्षं केला आणि बहुतेक वेळा तो फसला. जमलं ते दुसऱ्याच रस्त्याने: ती काय खाते ते बघायचं, आणि ती काय होते त्याची वाट बघायची. आज फोन समोर धरला की तीन सेकंदांत नाव येतं. त्या तीन सेकंदांच्या मागे किती लोकांनी किती वर्षं वाट बघितली आहे, ते या लेखात सांगायचं आहे.

दोन टेबलं, मध्ये जोड नाही

अ‍ॅरिस्टॉटलला अळीचा कोष होतो आणि कोषातून फुलपाखरू बाहेर पडतं, हे माहीत होतं. पण अळी मुळात येते कुठून? त्याच्या मते ती हिरव्या पानांतून, विशेषतः कोबीच्या पानांतून आपोआप तयार होते. फुलपाखरू अंडं घालतं आणि त्यातून अळी निघते, हा दुवा त्याच्याकडे निसटला. म्हणजे गोष्टीचा शेवट ठाऊक होता, सुरुवात नव्हती. ही समजूत युरोपात पुढची दोन हजार वर्षं टिकली.

सोळाव्या-सतराव्या शतकात कीटकांवर मोठे ग्रंथ छापले जाऊ लागले. लंडनमध्ये १६३४ साली थॉमस मॉफेटचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्याची रचना मजेदार आहे. पहिल्या भागात पंख असलेले कीटक, दुसऱ्या भागात पंख नसलेले. त्यामुळे फुलपाखरं पहिल्या भागात आणि अळ्या दुसऱ्या भागात गेल्या. मी दिवसभर डेटाबेसशी झटापट करतो, त्यामुळे मला हे चित्र लगेच ओळखीचं वाटलं. दोन टेबलं आहेत, दोन्हींत भरपूर नोंदी आहेत, पण या टेबलातली कुठली ओळ त्या टेबलातल्या कुठल्या ओळीची, हे सांगणारा रकानाच नाही. एकाच प्राण्याच्या दोन नोंदी, दोन वेगळ्या पानांवर, एकमेकींना अनोळखी.

हा जोड ज्यांनी घातला त्यांत सगळ्यात ठळक नाव मारिया सिबिला मेरियन हिचं. फ्रँकफर्टमध्ये १६४७ साली जन्मलेली ही मुलगी चित्रकारांच्या घरात वाढली. तेराव्या वर्षी, १६६० मध्ये, तिने रेशमाचे किडे पाळायला सुरुवात केली. मग इतर अळ्या. सापडली की डबीत घालायची, ज्या झाडावर सापडली त्याचीच पानं द्यायची, आणि रोज बघायचं. कात कधी टाकली, कोष कसा केला, किती दिवसांनी काय बाहेर पडलं, सगळं चित्रासह वहीत. १६७९ साली तिचं पुस्तक आलं तेव्हा त्यात पन्नास चित्रपानं होती, आणि प्रत्येक पानावर एक झाड आणि त्यावर एका कीटकाचं आयुष्य. अळी, कोष, पतंग किंवा फुलपाखरू, आणि खायचं झाड, सगळं एकाच चौकटीत.

आपल्याला हे आज शाळेच्या तक्त्यासारखं वाटतं. पण त्या काळी हीच नवी गोष्ट होती. कुठलीही अळी कुठल्याही पानावर जगत नाही. बहुतेक अळ्या आपापल्या ठरलेल्या झाडांवरच वाढतात. त्यामुळे झाडाचं नाव हा अळीच्या ओळखीतला पहिला पुरावा. मेरियनने तो पुरावा चित्रात कायमचा बांधून टाकला.

पुढे वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या डच वसाहतीत गेली. तिथले गोरे मळेवाले तिला हसत, कारण साखर सोडून दुसऱ्या कशात कुणी रस घेतो हेच त्यांना कळत नव्हतं. तिला जंगलात वाट करून देणारे लोक मात्र त्या मळ्यांवरचे गुलाम होते. त्यांच्याकडून आणि तिथल्या मूळ रहिवाशांकडून तिला झाडांची, किड्यांची माहिती मिळाली आणि तिने तसं लिहिलंही, पण त्या माणसांची नावं लिहिली नाहीत. १७०५ साली साठ चित्रपानांचं तिचं सुरीनामचं पुस्तक आलं. अळीच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं: पान कुणीतरी तोडून आणतं, नाव दुसऱ्याचं छापलं जातं.

कुंभारणीचं घर

वाट बघण्याच्या पद्धतीत एक अडचण होती. कधीकधी डबीतून भलतंच काही बाहेर यायचं.

मेरियनच्या आधी हॉलंडमध्ये यान गूडार्ट नावाचा चित्रकार असाच अळ्या पाळत होता. त्याला एका अळीपासून फुलपाखरू मिळालं आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या अळीतून माश्यांचा घोळका. मेरियनलाही असे अनुभव आले. मग प्रश्न पडला, की एकाच अळीचे दोन वेगळे प्राणी होतात का?

आपल्याकडे याच कोड्याचं एक फार जुनं आणि सुंदर उत्तर आहे. भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, कधी बंद पडलेल्या प्लगच्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. ती कुठून तरी एक अळी उचलून आणते, आत ठेवते, तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी ते घर फोडून आतून कुंभारीणच बाहेर येते. हे ज्यांनी बघितलं त्यांनी निष्कर्ष काढला, की आत कोंडलेली अळी भीतीने माशीचंच अखंड ध्यान करत राहते आणि शेवटी माशीच होऊन जाते. कीटक-भृंग न्याय तो हाच. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंत ही माशी आहे, आणि त्यामुळे एकनाथी भागवतातूनही ती मराठी घराघरांत पोहोचली. ज्याचं ध्यान करावं ते आपण होतो, हा त्याचा अर्थ.

अर्थ आपल्या जागी आहे. मला मात्र यातलं निरीक्षण थक्क करतं. अळी आत गेली, माशी बाहेर आली, दोन्ही गोष्टी तंतोतंत खऱ्या. फक्त मधली एक पायरी दिसली नाही, कारण ती बंद दाराआड घडते. कुंभारीण अळीला दंश करून लुळी करते, मारत नाही, आणि त्याच घरात आपलं अंडं घालते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ते ताजं अन्न खाऊन मोठं होतं. बाहेर येते ती त्या अळीची नवी काया नसते, तिला खाऊन वाढलेली दुसऱ्याच आईची लेक असते.

गूडार्टच्या डबीतही असंच घडलं होतं. बारीक गांधीलमाश्या आणि काही जातींच्या माश्या जिवंत अळीच्या अंगात किंवा अंगावर अंडी घालतात. अळी खात राहते, वाढत राहते, आणि आतून कुणीतरी तिला खात असतं. सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत हा उलगडा हळूहळू झाला. आजही अळीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष दिसले, की ती तिची अंडी असावीत असं वाटतं. अळी अंडी घालत नाही. ते तिच्या अंगातून बाहेर पडलेल्या परजीवी माश्यांचे कोष असतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या माश्या मित्रकीटक.

एवढं झाल्यावर अळी पाळणाऱ्यांना एक शिस्त लागली. एक अळी पाळून भागत नाही. अनेक पाळायच्या, आणि जमलं तर मादीने अंडं घातलेलं बघून तिथपासून सुरुवात करायची.

नाव मोठ्यांचं

१७५८ मध्ये लिनियसने प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत पक्की केली. फुलपाखरांची नावं ठरली ती पंखांवरून. ते साहजिकही होतं, कारण संग्रहात टाचणीला लावून टिकतं ते फुलपाखरू. अळी मेली की काळी पडते, आक्रसते, तिचा रंग उडतो. पण याचा परिणाम असा झाला, की नाव हे मोठ्यांच्या मालकीचं झालं आणि लहानगी बेनाव राहिली.

शिवाय नुसते पंख बघण्यानेही फसगत होते. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर येणाऱ्या कॉमन मॉर्मन या फुलपाखराचं उदाहरण घ्या. नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादी तीन रूपांत येते: एक नरासारखी, आणि दुसऱ्या दोन रूपांत ती वेगवेगळ्या बेचव फुलपाखरांची नक्कल करते, म्हणजे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. लिनियसने १७५८ साली या एकाच जातीला दोन नावं दिली, पॅमॉन आणि पॉलिटेस. ही सगळी रूपं एकाच जातीची आहेत याचा सर्वांत भक्कम पुरावा पंखांत नव्हताच. एका मादीची अंडी घ्या, त्यातून निघालेल्या अळ्या वाढवा, आणि त्या भावंडांतून कोण कोण बाहेर येतं ते बघा. तो पुरावा कढीपत्त्याच्या कुंडीत आहे.

आणि त्या कुंडीतली अळीसुद्धा बहुरूपी. अंड्यातून निघाल्यावर ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. चार वेळा कात टाकून शेवटच्या अवस्थेत पोहोचली की हिरवीगार होते. छेडलं तर डोक्यामागून लाल, दोन टोकांचं शिंगासारखं अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. नवख्या माणसाने सोमवारी एक आणि पुढच्या सोमवारी दुसरी बघितली, तर तो दोन वेगळे किडे आहेत असंच म्हणेल. एका प्राण्याचे इतके चेहरे असतील, तर एका फोटोवरून ओळख पटवणं किती अवघड, याचा अंदाज यावरून करावा.

कारवारचे तिघे

हिंदुस्थानातल्या फुलपाखरांची नावं इंग्लंडमध्ये बसून दिली जात होती. टाचणीला लावलेले नमुने पेट्यांत भरून जहाजाने जात. त्यांच्या अळ्या कुठल्या झाडावर असतात, हे बहुसंख्य जातींबाबत कुठेही लिहिलेलं नव्हतं. पश्चिम घाटापुरतं हे चित्र ज्या कामाने बदललं, ते आजच्या गोव्याच्या सीमेला लागून झालं.

कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, उत्तर कानडा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. तिथे १८९० च्या आसपास तीन सरकारी अधिकारी एकत्र आले. जेम्स डेव्हिडसन जिल्ह्याचा कलेक्टर. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मीठ आणि जकात खात्यात. थॉमस रीड बेल जंगल खात्यात. एटकेनचा जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. मिशनरी बापाचा हा मुलगा मुंबई-पुण्यात शिकला, डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवायचा, मग मिठाच्या खात्यात शिरून उरण, खाराघोडा असा फिरला. बंगल्यातल्या पाली, कावळे, मुंग्यांवर त्याने लिहिलेली खुसखुशीत पुस्तकं "ईएचए" या सहीने गाजली. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी तो एक. त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी डॉक्टरही होते.

१८९० मध्ये डेव्हिडसन आणि एटकेन यांनी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या काही फुलपाखरांच्या अळ्या आणि कोषांवर टिपणं छापली. मग बेल सामील झाला, आणि १८९६-९७ मध्ये तिघांच्या नावाने उत्तर कानड्यातल्या फुलपाखरांवरची लेखमाला आली. तिचं वैशिष्ट्य असं, की पंखांच्या वर्णनावर ती थांबत नाही. अंडं कसं, अळी कशी, कोष कसा, अळी कुठल्या झाडावर, पानाच्या वरच्या बाजूला बसते की खाली, घर करते की उघडी राहते, हे सगळं जातवार.

या कामाला काय लागतं त्याचा विचार करा. अळी पाळणं म्हणजे रोज ताजी पानं, तीही त्याच झाडाची. झाड ओळखता आलं पाहिजे, फुलं नसताना नुसत्या पालवीवरून. जंगलात सतत फिरती हवी. बुरशी, मुंग्या, परजीवी माश्या यांतून दहातल्या काही वाचणार. पावसाळ्यात सगळ्यात जास्त अळ्या मिळतात आणि पावसाळ्यातच सगळं कुजतं. जंगल अधिकाऱ्याच्या नोकरीत फिरती आणि झाडांची ओळख या दोन्ही गोष्टी आपोआप येत होत्या. आणि ज्या जंगलात हे झालं तिथल्या कोकणी, कानडी, मराठी बोलणाऱ्या माणसांची नावं या लेखांच्या शीर्षकाखाली नाहीत, हेही नोंदवायला हवं.

डेव्हिडसन आणि एटकेन पुढे निघून गेले. बेल राहिला. १९०९ पासून १९२७ पर्यंत त्याने मैदानी प्रदेशातल्या सामान्य फुलपाखरांवर लेखमाला चालवली. १९२० साली मुख्य वनसंरक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर तो आयर्लंडला परतला नाही, कारवारलाच राहिला. १९३७ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मेजर स्कॉटबरोबर त्याने हॉकमॉथ पतंगांवरचा जाडजूड खंड प्रसिद्ध केला. त्यातही अळ्या भरपूर. १९४८ साली तो कारवारलाच वारला.

पश्चिम घाटातल्या फुलपाखरांच्या सुमारे ३३० जातींपैकी बहुतेकांची खाद्यझाडं आता माहीत आहेत. २०१८ मध्ये भारतीय अभ्यासकांच्या एका गटाने त्यांची सविस्तर यादी प्रसिद्ध केली. त्या गटातले काही विद्यापीठांतले, काही नोकरी सांभाळून छंद म्हणून अळ्या पाळणारे. ती यादी वाचताना बेलचं नाव जुन्या नोंदींमध्ये वारंवार भेटतं. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी एका अळीला रोज पानं घातली, म्हणून आज एक ओळ भरलेली आहे.

पाय मोजा, डोकं मोजा

वाढवायला वेळ नसेल तर? शेतात कीड पडली असताना पंधरा दिवस थांबून कसं चालेल? म्हणून अंगावरच्या खुणांवरून ओळखायची पद्धतही हळूहळू उभी राहिली, आणि ती कुणालाही शिकता येते.

पहिली पायरी पाय मोजण्याची. छातीवर सांधे असलेले सहा खरे पाय, आणि पोटाखाली मांसल, बुटके आधारपाय. फुलपाखरं आणि पतंगांच्या अळ्यांना आधारपायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात. सहा किंवा जास्त जोड्या दिसल्या तर ती सॉफ्लाय नावाच्या, गांधीलमाश्यांच्या नात्यातल्या कीटकाची अळी. मोहरीवर येते ती काळसर अळी यातलीच. आधारपाय मधले गायब आणि चालताना पाठीची कमान होत असेल तर ती उंट अळी. आधारपायच नाहीत, अंग इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं आणि जागा मातीत मुळांपाशी, तर ती भुंगेऱ्याची अळी, आपली हुमणी. पाय अजिबातच नाहीत आणि डोकंही धड दिसत नाही, तर बहुतेक माशीची.

दुसरी गोष्ट वयाची. अळी कात टाकत वाढते, पण डोक्याचं कवच टणक असल्याने दोन कातींच्या मध्ये ते वाढत नाही. प्रत्येक कातीला एकदम उडी घेतं. १८९० साली हॅरिसन डायर या अमेरिकन अभ्यासकाने अनेक जातींच्या अळ्यांची डोकी मोजली आणि दाखवलं, की ही उडी साधारण ठरलेल्या पटीने होते. समजा पट दीड असेल, तर ०.६ मिलिमीटरचं डोकं पुढच्या टप्प्यात ०.९, मग १.३५. शाळेतली गुणोत्तरी श्रेढी अळीच्या डोक्यावर लिहिलेली असते. त्यामुळे डोकं मोजून अळी कितव्या अवस्थेत आहे याचा अंदाज येतो, आणि फवारणीचा निर्णय त्यावर ठरतो, कारण लहान अळी लवकर मरते, मोठी दाद देत नाही.

तिसरी पायरी केसांची. अगदी गुळगुळीत दिसणाऱ्या अळीवरही ठरलेल्या जागी बारीक केस असतात, आणि त्यांची मांडणी कुळानुसार बदलते. विसाव्या शतकात या केसांचे नकाशे बनले, प्रत्येक केसाला नाव दिलं गेलं. भिंगाशिवाय हे काम होत नाही, पण ज्या अळ्या कुणी पाळल्या नाहीत त्यांनाही निदान घराण्यापर्यंत पोहोचवता आलं.

नाव चुकलं की फवारा चुकतो

१९०३ नंतर बिहारमधल्या पुसा इथे सरकारी कृषी संशोधन उभं राहिलं आणि अळ्या पाळणं हे पगारी काम झालं. मॅक्सवेल-लेफ्रॉयने १९०६ साली भारतातल्या पिकांवरच्या किडींवर आणि १९०९ साली एकूण कीटकसृष्टीवर ग्रंथ लिहिले. त्याच संस्थेत सी. सी. घोष यांनी अनेक कीटकांची संपूर्ण जीवनचक्रं नोंदवून आपल्या नावाने प्रसिद्ध केली. कलेक्टरच्या बंगल्यातला छंद आता शेताच्या बांधावर आला होता.

बांधावर एकाच प्राण्याची दोन नावं असतात. डाळिंबाचं फळ आतून पोखरणारी अळी शेतकऱ्याला चांगलीच माहीत असते. ती देठाला रेशमाने फळ बांधून ठेवते, म्हणजे पोखरलेलं फळ लवकर गळून पडत नाही आणि तिचं घर शाबूत राहतं. तिचं फुलपाखरू निळसर झळाळीचं, देखणं असतं. बागायतदार अळीला ओळखतो, फोटो काढणारा फुलपाखराला. दोघे एकाच जिवाबद्दल बोलत असतात आणि दोघांना ते माहीत नसतं. मॉफेटची दोन टेबलं अजून पुरती जोडली गेलेली नाहीत.

ओळखीची किंमत काय असते ते २०१८ मध्ये दिसलं. त्या वर्षी मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात मक्याच्या पोंग्यात एक अळी सापडली. आपल्याकडे लष्करी अळी पूर्वीपासून होतीच, त्यामुळे ही तिचीच बहीण समजून सोडून देणं सोपं होतं. पण डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीच्या बाजूला आठव्या खंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. अळ्या वाढवून पतंग मिळवले, त्यांची रचना आणि डीएनए तपासला, तेव्हा खात्री पटली: अमेरिकन लष्करी अळी. अमेरिका खंडातून आफ्रिकेत २०१६ मध्ये आलेली ही कीड भारतात पोहोचली होती. त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यात दिसली, आणि नंतर मका पिकवणाऱ्याला तिचं नाव पाठ झालं. उलटा वाय आणि चार ठिपके ही खूण आज कृषी सहायकाच्या पत्रकावर असते. त्या दोन ओळींमागेही कुणीतरी पोंगे उलगडून काढलेल्या अळ्या आहेत आणि डबीबाहेर पतंग येईपर्यंत बघितलेली वाट आहे.

डबी आणि फोन

२००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी डीएनए बारकोडची कल्पना मांडली. प्राण्याच्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जात ओळखायची. अळीसाठी ही सोय मोठी, कारण अळी आणि फुलपाखरू दिसायला कितीही वेगळी असली तरी डीएनए तोच. पंधराव्या दिवसाची वाट बघायला नको.

पण या पद्धतीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बघितलं की मौज वाटते. कोस्टा रिकात डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स यांचा गट कित्येक वर्षं रानातल्या अळ्या गोळा करून वाढवत होता. त्यात पान तोडणारे, डबे सांभाळणारे बरेचसे स्थानिक गावकरी होते. एका फुलपाखराच्या अळ्या वेगवेगळ्या झाडांवर, वेगवेगळ्या रंगांच्या मिळत होत्या, फुलपाखरं मात्र जवळपास सारखीच. २००४ साली बारकोड वाचल्यावर त्यांनी सांगितलं, की ही एक जात नसून दहा आहेत. आकडा दहाच की कमी, यावर नंतर वाद झाला. पण मुद्दा राहतो. फरक आधी दिसला तो अळ्यांत, आणि दिसला तो वर्षानुवर्षं पानं घालणाऱ्यांना. बारकोडने त्यांच्या वहीवर शिक्का मारला.

फोनमधल्या ओळख पटवणाऱ्या ॲपचंही असंच आहे. आयनॅचरलिस्ट २००८ मध्ये सुरू झालं, २०१७ पासून ते फोटो बघून नाव सुचवतं. असं मॉडेल माणसांनी नाव लावलेल्या फोटोंवरून शिकतं. फुलपाखराचे नाव लावलेले फोटो ढिगाने आहेत, अळ्यांचे त्या मानाने कमी, आणि अळीच्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेचे तर फारच थोडे. त्यातही अळीच्या फोटोवरचं नाव खात्रीचं कधी? कुणीतरी ती वाढवून शेवट बघितला असेल तेव्हा. नाहीतर एकाच्या अंदाजावर दुसऱ्याने होकार दिला, तो मॉडेलने शिकला, आणि तिसऱ्याला पूर्ण आत्मविश्वासाने परत सांगितला. घोणस अळीचा मेसेज असाच फिरला होता, फक्त तिथे मॉडेलच्या जागी काका-मामा होते.

म्हणून अळी सापडली की फोटो जरूर काढा, पण झाडाचाही काढा. झाडाशिवाय अळीचा फोटो म्हणजे पत्त्याशिवायचं पाकीट. पाय मोजा. केसाळ किंवा काटेरी असेल तर हात लावू नका, काडीने उचला. आणि काटेरी नसेल, झाड ओळखीचं असेल, घरात कढीपत्त्याची किंवा पानफुटीची कुंडी असेल, तर एकदा तरी ती डबीत ठेवून बघा. झाकणाला बारीक भोकं, तळाला कागद, रोज त्याच झाडाची ताजी पानं, रोज एक फोटो आणि तारीख.

काय बाहेर येईल ते सांगता येत नाही. फुलपाखरू येईल, कदाचित पतंग, कदाचित चार बारीक माश्या. जे येईल ते झाडाच्या नावासकट आणि तारखेसकट कुठेतरी नोंदवून ठेवा. बऱ्याच अळ्यांच्या नावापुढे, विशेषतः पतंगांच्या, अजून रकाना रिकामा आहे.